मटणाचं ताट कुठून न्यायचं

माझ्या बायकोला माझ्यासोबत हॉटेलात जेवायला आवडत नाही. मी तिच्याकडं बघत नाही, ताटाकडंही बघत नाही, वेटरकडं बघतो. तो कुठल्या दारातून आला, कुणाला चुकवून गेला, परत जाताना रिकाम्या हातानं गेला की उष्टी ताटं उचलून गेला, हे बघता बघता माझी भाजी निवून जाते. "समोर बघून जेवा की," ती दबक्या आवाजात म्हणते, "लोकं म्हणतील, ह्या माणसाची नजरच चांगली न्हाय."

नजर चांगली आहे, धंदा तसा आहे. मी हॉटेलांचे आतले नकाशे काढतो. मी आर्किटेक्ट नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समन, गाव भूम, बिऱ्हाड धाराशिवात. इमारत दुसरं कुणीतरी उभी करतं. तिच्या पोटात वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, कुठं उभा राहील, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या चुली कुठं असतील, कांद्याची पोती कुठून आत येतील आणि खरकटं कुठून बाहेर जाईल, हे मी ठरवतो. लोकांना वाटतं, हॉटेल म्हणजे टेबलं, खुर्च्या आणि छताला लटकणारे दिवे. मला विचाराल तर हॉटेल म्हणजे चालणारी माणसं. बसतं ते फक्त गिऱ्हाईक, आणि गल्ल्यावरचा मालक.

या धंद्यातला पहिला नियम कुठल्याही घरातल्या बाईला न शिकवता कळेल असा आहे. गरम ताटाची वाट आणि खरकट्या ताटाची वाट एक करू नये. एकाच दारातून एक वेटर रस्सा घेऊन बाहेर येतोय आणि दुसरा उष्टी भांडी घेऊन आत जातोय, असं झालं की आज ना उद्या कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर रंगपंचमी होते. तिसरी वाट गिऱ्हाइकाची. त्याला भांडी घासायची जागा दिसता कामा नये. चौथी वाट गॅसच्या टाक्या, भाजी, पीठ यांची. मी कोऱ्या कागदावर आधी या वाटाच काढतो, रंगीत पेनांनी. भिंती शेवटी. माझ्या लेखी भिंत म्हणजे वाटा काढून उरलेली जागा.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण माझ्या हातून झालेल्या चुकांची वेगळी फाइल करायची म्हटली तर कपाट लागेल. त्यात माझा स्वभाव असा, की कुणाच्या लग्नात वरण कमी पडलं तरी मला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. बायको म्हणते, "तुमाला अपराधी वाटायची हौसच हाय." असेल. पण काही वेळा ती हौस नसते.

सुरुवातीच्या काळात भूमच्या एका मालकाला हॉटेल नव्यानं करून दिलं होतं. चहा, पेढे, आणि मागं खव्याच्या भट्ट्या. मालकाची अट एकच होती. गल्ल्यावर बसल्या जागेवरून त्याला सगळं दिसलं पाहिजे. भट्टी दिसली पाहिजे, टेबलं दिसली पाहिजेत, एसटी आलेली दिसली पाहिजे आणि खव्याची खोलीही दिसली पाहिजे. "कुणी खवा तोंडात टाकला तर मला हितं कळाया पायजे," तो म्हणाला. आता माणसाला डोळे पुढच्याच बाजूला असतात. मी बरीच डोकेफोड केली आणि शेवटी आरसे लावले. एक खांबावर, एक दारावर, एक थेट भट्टीच्या तोंडाशी. मला वाटलं, काय डोकं आहे आपलं! दिवाळीनंतर तिकडं गेलो तर सगळे आरसे उतरवलेले.

"काय झालं मालक? दिसत नव्हतं का?"

"दिसतंय की. पर जिकडं बघावं तिकडं आधी मीच दिसतोय. दिवसभर सोताचंच तोंड बघून कटाळा आला, सायब. बायकोला माझा का येतोय ते कळलं."

ही गोष्ट मी हसत सांगतो. दुसरी सांगताना सुरुवातीला हसतो.

मुरुमला शिवराज नावाचा हॉटेलवाला आहे. त्याच्या वडलांचं, अप्पांचं, बाजारात जुनं हॉटेल होतं. सकाळी सुशीला, दुपारी भजी, दिवसभर चहा. सुशीला म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाष्टा. मुरुमात तो खाल्ल्याशिवाय बाजार उघडत नसे. खरं तर अप्पांकडं लोक खायला कमी आणि अप्पांशी बोलायला जास्त यायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्याला टोपी, आणि दारात माणूस दिसला की लगेच, "बर्री, बर्री, कुंदर्री!" या, या, बसा! गिऱ्हाईक मराठी असो की कानडी, स्वागत कानडीत. मग कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाचा भाऊ भावाशी बोलत नाही, हे सगळं गल्ल्यावर जमा व्हायचं.

शिवराजनं हमरस्त्यावर जागा घेतली आणि मोठं हॉटेल काढायचं ठरवलं. पण हमरस्त्यावर गाडी थांबली की माणूस काच खाली करून पहिला प्रश्न विचारतो, "मटण हाय का?" आमच्या जिल्ह्याच्या शेळीचं नाव लांबपर्यंत गेलेलं. नाही म्हटलं की काच वर. तेव्हा घर लिंगायत, मटणाला न शिवणारं असलं तरी मटण करणं भाग होतं. त्यासाठी शिवराजनं मुरुमच्याच खाजाभाईला वस्ताद म्हणून ठरवलं. खाजाभाई लग्नांमध्ये मटण करायचा आणि त्याचा रस्सा प्यायला लोक न बोलावता लग्नाला जायचे, अशी त्याची ख्याती.

अप्पा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "धंदा तुझा हाय, चालव. खाजा तर माझ्या रोजच्या चहाचा गडी. पर ताट माझ्या नजरंला पडू ने, वास नाकाला येऊ ने. ते जमत आसंल तर म्या गल्ल्यावर बसतो. न्हायतर घरी बसतो, माझं काई म्हणणं न्हाय."

शिवराज माझ्याकडं आला तो हे घेऊन. चहा पिता पिता मधेच म्हणाला, "सर, हॉटेलचं काय, चालंल न्हायतर न्हाय चालंल. पर अप्पांना घरी बसू देऊ नका. आई गेल्यापासून घरात कोण हाय त्यांना बोलायला? आमी सगळे हॉटेलात. घरी बसले की अप्पा संपले."

मला असं काही सांगितलं की मी पेटतो. कागद पसरला आणि कामाला लागलो. स्वयंपाकघरं दोन केली. जेवायचे हॉल दोन, दारं दोन, भांडी घासायच्या जागा दोन. वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं म्हणून खाजाभाईचं स्वयंपाकघर पार पूर्वेच्या टोकाला नेलं, म्हणजे वास शेताकडं जाईल. मधे छतापर्यंत भिंत. मटणाचं गिऱ्हाईक वेगळ्या फाटकातून येणार आणि तिकडंच शिवराजपाशी पैसे देऊन जाणार. त्यांच्यात कुणी शाकाहारी असेल तर भिंतीतल्या छोट्या खिडकीतून तिकडं भाजी-भाकरी द्यायची, खिडकीला झापड. तिकडच्या वेटरांनी इकडं यायचं नाही. आणि शाकाहारी हॉलमध्ये, दारासमोर, छान सागवानी गल्ला. तिथं अप्पा.

हॉटेल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही तालीम घेतली. अप्पांना गल्ल्यावर बसवलं आणि खाजाभाईला रिकामं ताट घेऊन पलीकडचं सगळं हॉटेल फिरायला लावलं.

"अप्पा, दिसतंय का?" शिवराजनं विचारलं.

"न्हाय."

"आता?"

"काईच न्हाय बाबा."

भिंतीपलीकडून खाजाभाईचा आवाज आला, "अप्पा, मैं नाच रहा हूँ इधर!"

"नाच, नाच! मला काई दिसंना!" अप्पा म्हणाले आणि सगळे हसले. माझी छाती फुगली. दारात उभं राहून मी त्या हॉलचे फोटो काढले. पुढं कितीतरी नव्या मालकांना मी ते फोन काढून दाखवले. बघा, एक माणूस, एक नजर, आणि सगळं हॉटेल तिच्या बाहेरून फिरवलंय.

हे फोटो मी लई दिवस दाखवत होतो, हे सांगायला मला आता लाज वाटते.

कारण मधे मी तिकडं गेलोच नाही. हॉटेल जोरात चाललंय एवढं कानावर येत होतं. मग उमरग्याला बायकोच्या मामेबहिणीच्या घरी वास्तुशांत होती, तिकडं जाताना दुपारच्या जेवणाला मुद्दाम शिवराजच्या हॉटेलात थांबलो. बायकोला म्हणालो, "चल, माझं काम दाखवतो." ती म्हणाली, "दाखवा. पर भाजी गरम आस्तानाच खा."

बाहेर गाड्याच गाड्या. मटणाच्या बाजूला लोक टेबल मिळायची वाट बघत उभे. आम्ही शाकाहारी बाजूच्या दारानं आत गेलो. हॉल स्वच्छ, लख्ख आणि रिकामा. पंखे फिरत होते. गल्ल्यावर अप्पा.

"बर्री, बर्री! कुंदर्री!" ते उभेच राहिले. एवढ्या जोरात बोलले की बायको दचकली. मग मला ओळखलं. "आवो इंजिनेर! या. सूनबाई, बसा हितं. न्हाय, तितं नगा, हितं जवळ बसा."

आम्ही गल्ल्याला लागून असलेल्या टेबलावर बसलो. वेटर आला, सांगितलं, गेला. अप्पांनी बायकोला तिचं माहेर विचारलं, माहेरच्या गावातली कोण कोण माणसं ओळखीची आहेत ते विचारलं, तिथल्या एका मठात ते लहानपणी गेले होते ते सांगितलं, आणि मग त्या मठातल्या आंब्याच्या झाडाचं सांगितलं. मधे श्वाससुद्धा घेत नव्हते. बायको 'व्हय, व्हय' करत होती. मी हॉल बघत होतो, आणि पहिल्यांदाच मला बघायला वेटरांची ये-जा नव्हती.

जे झालं होतं ते अगदी सोपं होतं. गाडीतून सहा माणसं उतरतात. त्यांतले चार मटण खाणारे, दोन न खाणारे. घरची माणसं दोन हॉलमध्ये वेगळी बसत नाहीत. सगळी तिकडं जातात, आणि न खाणाऱ्यांना झापडाच्या खिडकीतून भाजी मिळते. ती सोय मीच करून ठेवलेली. जे निव्वळ शाकाहारी येतात ते टेबलावरच्या क्यूआर कोडवर मोबाइल धरून पैसे देतात आणि तसेच बाहेर जातात. गल्ल्याशी यायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं.

"अप्पा," मी चाचरत विचारलं, "त्रास होत नाही ना आता? ताट दिसत नाही, वास येत नाही..."

"न्हाय, काईच न्हाय." त्यांनी गल्ल्यावरची नसलेली धूळ फडक्यानं पुसली. "झ्याक केलाव तुमी. पर म्या शिवराजला सांगितलंय, येत्या सोमवारपासून म्या घरीच बसतो. हितं बसायचं ते घरी बसायचं. तितं निदान आडवं तर होता येतंय."

अप्पा रागावलेले नव्हते, हे जास्त अवघड होतं. मग जरा वेळानं, बायकोच्या ताटाला भाकरी वाढायला वेटरला खुणावत, ते सहज बोलावं तसं म्हणाले, "मटण दिसू ने म्हणलो होतो म्या. माणसं दिसू नेत असं कवा म्हणलो?"

त्या हॉटेलातल्या प्रत्येक माणसाची वाट मी रंगवली होती. वेटरची, वस्तादाची, भाकरीवाल्या बायकांची, अगदी कांद्याच्या पोत्याची. अप्पांची वाट काढलीच नव्हती. कागदावर अप्पा म्हणजे एक छोटा चौकोन होता आणि त्यावर मी 'गल्ला' असं लिहिलं होतं. सगळ्यांच्या वाटा त्या चौकोनापासून लांब नेण्यात मी एवढा हुशार ठरलो, की त्याच्यापाशी कुणी पोचणारच नाही हे मला कळलं नाही. शिवराज मला म्हणाला होता, अप्पांना घरी बसू देऊ नका. मी त्यांना हॉटेलातच घरी बसवलं होतं.

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. "जावा," ती हळूच म्हणाली, "त्या शिवराजला भेटून या. न्हायतर तुमाला भाजी गोड लागणार न्हाय."

शिवराज पलीकडं गल्ल्यावर घामाघूम झाला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, मधली भिंत पाडू.

"सर, काय बोलायलाव! भिंत पाडली की ताट दिसलं. ताट दिसलं की अप्पा घरी."

"भिंत ठेवली तरी सोमवारी घरीच."

त्याचं तोंड उतरलं. त्याला ते माहीत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मग मी एक तोडगा काढला, त्यानं मोडला. मी आणखी एक काढला. अर्धी भिंत, जाळी, पडदा, गल्ल्याचं तोंड फिरवायचं, गल्ला बाहेर अंगणात न्यायचा. आम्ही दोघं अप्पांची जागा ठरवत होतो आणि अप्पा भिंतीपलीकडं माझ्या बायकोला आंब्याचं झाड सांगत होते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझी मलाच चीड आली. दुसऱ्यांदा तेच करत होतो. शिवराजच्या दंडाला धरून मी त्याला अप्पांसमोर नेलं.

"अप्पा, तुम्हीच सांगा. कुठं बसायचंय तुम्हाला?"

अप्पांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग टोपी सारखी केली, उठले, आणि हात धुवायच्या बेसिनकडं चालत गेले. दोन्ही हॉलची बेसिनं भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून होती, नळाची सोय म्हणून. त्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला.

"हे फोडा. आन हितं बसवा मला. जेवायच्या आधी समदे हात धुयाला येतेत, जेवल्यावर समदे येतेत. मटणवाले येतेत, बिनमटणवाले येतेत."

मी मनातल्या मनात रंगीत रेघा मारून बघितल्या. भिंत फुटली की माणसं कुठल्याही हॉलमध्ये बसणार, म्हणजे गरम ताट, खरकटं ताट, येणारं गिऱ्हाईक, जाणारं गिऱ्हाईक, सगळं त्याच ठिकाणावरून जाणार होतं. एवढ्या वर्षांत जे जे करू नये म्हणून लोकांना सांगत आलो, ते सगळं एका जागी.

"पण अप्पा, तिथून मटणाची ताटं जातील. अगदी तुमच्या समोरून."

"जाऊ द्या की."

"दिसेल तुम्हाला!"

अप्पा माझ्याकडं असे बघायला लागले, जशी माझीच त्यांना कीव यावी. "इंजिनेर, डोळ्यांला पापण्या कशाला दिल्यात महादेवानं? मिटून घ्यायच्या."

"आणि वास?"

"उदबत्ती लावायची. नाकाला काय एवढं डोक्यावर बसवायचं?"

"अप्पा," शिवराजचा आवाज चढला, "मग हे आधीच का न्हाय बोललाव? मी दोन दोन किचन बांधले की!"

"तू इचारलंस का? तुमी दोघं कागद घेऊन बसलाव. मला वाटलं, शिकल्याली माणसं हायेत, काईतरी करतेत."

सोमवारच्या आत भिंत फुटली. मी स्वतः उभा राहून फोडून घेतली. बेसिनं बाजूला सरकवून मोकळ्या झालेल्या जागेत सागवानी गल्ला ठेवला, गल्ल्यावर उदबत्तीचं घर ठेवलं, आणि माझ्या नियमाप्रमाणं पहिल्याच दुपारी तिथं दोन वेटर एकमेकांवर आदळले. कालवणाची वाटी सांडली. आरडाओरडा झाला. त्या सगळ्याच्या मधोमध अप्पा उभे राहून "आरं हळू, हळू! पाय घसरंल कुणाचा!" म्हणत होते, आणि हात धुवायला आलेल्या माणसाला विचारत होते, "तुमी कलबुर्गीचे का? बर्री, बर्री!"

मग मटणाचं पहिलं ताट आलं. ते खाजाभाईनं स्वतः आणलं, वेटरच्या हाती दिलं नाही. गल्ल्याच्या अलीकडं तो थांबला. माणसं थांबली, मीही थांबलो.

"अप्पा, आँखां!" खाजाभाई म्हणाला.

अप्पांनी लिंगावर हात ठेवला आणि डोळे मिटले. ताट समोरून गेलं. टेबलावर ठेवल्याचा आवाज आला तेव्हा खाजाभाईनं परत हाक मारली, "हौ, खोलो!" अप्पांनी डोळे उघडले आणि बेसिनपाशी हात ओले करून ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला टॉवेल दिला.

आता ती तिथली रीतच झाली आहे. नव्या वेटरला पहिल्या दिवशी बाकी काही शिकवत नाहीत, 'अप्पा, डोळे' एवढं शिकवतात. लांबचे प्रवासीसुद्धा ते बघायला थांबतात, आणि काही जण आपणच ओरडतात, मग अप्पा एक डोळा किलकिला करून कोण चावट आहे ते बघतात.

परवा मी परत गेलो होतो. त्या जागेवरची कोंडी कमी करायला काही सुचतंय का, हे बघायचं होतं. वेटर अजून आदळतात आणि ते बघून मला रात्री झोप येत नाही. दुपारची गर्दी होती. खाजाभाई दोन्ही हातांत ताटं घेऊन आला. "अप्पा, आँखां!" अप्पांनी डोळे मिटले. मी कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं, तेवढ्यात अप्पा, डोळे तसेच घट्ट मिटलेले, म्हणाले,

"खाजा, कोपऱ्यातले बिदरचे पाव्हणे कवाचे बसलेत. म्हातारी हाय त्यांच्यात. आधी त्यांना दे. आन रस्सा गरम हाय का बघ, मगाचा एक जण निवलाय म्हणत होता."

"हौ अप्पा," खाजाभाई म्हणाला आणि कोपऱ्याकडं वळला.

मी पेनाचं टोपण परत लावलं.